अण्णा, जरा घरात बसा ना!

दलालाला टक्का कशाला द्यायचा, एवढ्या एका विचाराने मी बडोद्याच्या जुन्या शहरातलं आमचं वडिलोपार्जित घर स्वतःच विकायला काढलंय. काल एक गृहस्थ सपत्नीक आले. सयाजीराव महाराजांच्या काळातलं बांधकाम, सागवानी खांब, पितळी कड्यांचा हिंचका. बाई तर हिंचक्यावर बसून पायाने हलका झोकासुद्धा घ्यायला लागल्या. माझ्या मनात बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, झालंच होतं.

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून अण्णा उठले.

अण्णांना बोलवावं लागत नाही. बनियनवर, हातात कालचा पेपर घेऊन ते थेट चौकात. "घ्या हो, डोळे मिटून घ्या! असं घर आता मिळायचं नाही." सुरुवात झकास झाली, हे मान्य.

"पुराचं पाणी येतं का?" गृहस्थांनी विचारलं. 2024 च्या ऑगस्टनंतर बडोद्यात हा प्रश्न किमतीच्याही आधी येतो. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 26 फूट. तेव्हा ती 35 च्याही वर गेली होती.

"छे छे! नदीचं पाणी इथं? नाव नको," अण्णा म्हणाले. "येतं ते गटाराचं."

मी खोकलो. अण्णांनी मला पाणी प्यायला सांगितलं.

"वाळवी?"

"सागाला वाळवी लागतच नाही. चौकटी सागाच्या नाहीत, त्यांना लागते."

बाईंचा हिंचका थांबला. आता वास्तूबद्दल चांगलं बोलायचं म्हणून अण्णांनी आवाज खाली आणला. "आणि हो, घर शुभ आहे. इथं अपघाताने कुणी गेलं नाही. चौघंही अंथरुणात गेले. बाई, तुम्ही बसलात ना, त्याच्या मागच्याच खोलीत."

बाई उठल्या.

एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले? "शिवाय अशांत धारा आहे," हेही त्यांनीच सांगून टाकलं. तेही खरंच. अशांत धारा म्हणजे दंगलींमुळे 'अशांत' ठरवलेल्या भागांतल्या घरविक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा. 1991 च्या या कायद्यात आमचा भाग येतो, म्हणजे दस्त करण्याआधी कलेक्टरची परवानगी. अर्ज करा, कागद जोडा, पोलिसांचा अभिप्राय येईपर्यंत वाट बघा. दुपारी अण्णांच्या घोरण्याखेरीज ज्या गल्लीत आवाज नाही, ती सरकारदरबारी अशांत! घर माझं, कर मी भरतो, पण ते मी कुणाला विकावं हे साहेबांनी ठरवायचं. यात हसण्यासारखं काय आहे, ते मला अजून कळलेलं नाही.

गृहस्थ "कळवतो" म्हणून निघाले आणि दारात थबकले. मला वाटलं, भाव विचारतील. त्यांनी अण्णांना विचारलं, "काका, तुमचं घर विकायचंय का? माणूस खरं बोलणारा दिसतोय."

रात्री अण्णा माझ्याकडे आले. "अरे, तू त्यांना किती सांगितलेस? मी काय सांगू, काही अंदाज दे ना."

मी आकडा सांगितला.

"एवढा?" अण्णा म्हणाले. "त्या गटारासकट?"