कंटेनरची चावी कोणाकडे?

काल रात्री आमच्या एरियातली लाईट गेली म्हणून सगळे नऊलाच कट्ट्यावर जमले, जळगावचा मे महिना, दगडी ओटा अजून तव्यासारखा. विषय काढला पिंट्याने. म्हणे यूएन वगैरे सब नाटक आहे भो, निळी टोपी घालून जीपमधे फिरतात, कोणतं यादवी युद्ध मिटवलं यांनी ते सांग. आणि लगेच रवांडा काढलं. १९९३ ला आरुषात तिथल्या सरकारचा आणि बंडखोरांचा शांतता करार झाला, शांतिसेना तिथेच होती, तरी ९४ ला कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने फौज वाढवायची सोडून २७० लोकांवर आणायचं ठरवलं. ह्याला काय उत्तर देणार, आपण गप.

पण सगळीकडे तसंच नाही ना. मी म्हटलं नेपाळ बघ, इथून गोरखपूर पकडलं की आलंच. १० वर्षं माओवादी विरुद्ध सरकार, नोव्हेंबर २००६ ला शांतता करारावर पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचा नेता प्रचंड यांची सही, २००७ च्या जानेवारीत यूएनचं मिशन. माओवाद्यांच्या बंदुका ७ मुख्य छावण्यांत कंटेनरमधे ठेवल्या, नंबर टिपून, आणि सरकारी सैन्याने पण तेवढीच हत्यारं कुलपात टाकायची, हे लोक विसरतात. कुलपाची चावी मात्र ज्याच्या बंदुका त्याच्याचकडे.

इथे नाना उखडले. नाना भुसावळला रेल्वेत होते, स्टेशन मास्तर म्हणून रिटायर, सगळ्या जगाला सिग्नल लावून बघतात. "तुले काय समजस रे? सिंगल लाईनवर आम्ही ड्रायव्हरला गोळा द्यायचो, म्हणजे पुढे जायचा परवानाच. तो मशीनमधून आपल्या मर्जीने निघतच नाही, पुढच्या स्टेशनने तिकडून दाबून धरलं तरच निघतो. दोघांचा हात लागतो म्हणून गाड्या समोरासमोर येत नाहीत. आणि तुझा हा यूएनवाला चावी चोराकडेच ठेवून बाहेर खुर्ची टाकून बसला!"

मुद्दा कडक होता, खरं सांगतो. पण कंटेनरला सायरन जोडलेला होता, कॅमेरा होता, रात्रभर फ्लडलाईट. उघडता येईल पण गुपचूप नाही. चावी काढून घेतली असती तर माओवादी छावणीत आलेच नसते, त्यांच्या हिशोबाने ती शरणागती झाली असती. नाना म्हणाले हे रेल्वेत चालत नाही. मी म्हटलं नाना, रेल्वेत दोन्ही स्टेशनं एकाच मालकाची असतात.

पिंट्या काय ऐकतो. मोबाईल चाळत म्हणे, यूएनने माओवाद्यांचे १९,६०२ लढवय्ये खरे धरले आणि २००९ ला प्रचंडचाच व्हिडिओ बाहेर आला शक्तिखोर छावणीतला, त्यात तो स्वतः कार्यकर्त्यांना सांगतोय की आपण होतो ७-८ हजार. मग काय मोजलं यांनी? आता ही गोष्ट खरी आहे, माणसं फुगवलीच. पण शेवटी सैन्यात घेतले साधारण १,४०० च, बाकीचे बहुतेक पैसे घेऊन घरी, आणि युद्ध काही परत पेटलं नाही. मिशन तर २०११ च्या जानेवारीतच गुंडाळलं होतं.

हे सगळं चालू असताना कोपऱ्यावरचा मोमोवाला दाजू भांडं घासत ऐकत होता. नेपाळातल्या बर्दियाचा आहे, आम्हाला इतके दिवस वाटायचं दार्जिलिंगचा. हात पुसत आला आणि अर्ध्या हिंदीत म्हणाला, बंदूक का गिनती हो गया भैया, मेरे चाचा का नहीं हुआ. रात्री वर्दीवाले आले आणि घेऊन गेले, एवढंच.

पिंट्याने तिथेच सर्च केलं. करारातच लिहिलं होतं, बेपत्ता केलेल्यांची माहिती दोन्ही बाजूंनी ६० दिवसांत जाहीर करायची. शोध घेणारा आयोग बसला २०१५ ला. आणि मिशनचं मुख्य काम हत्यारं, सैन्य आणि निवडणूक, सायरन लावला तो लोखंडाला, या ६० दिवसांना कोणी लावलाच नाही.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग दाजूला विचारलं, चाचाचं नाव काय रे. त्याने सांगितलं. तेवढ्यात लाईट आली, त्याची ट्यूब फडफडायला लागली आणि दोन पोरं आली, एक प्लेट स्टीम एक फ्राय.