2001 ची बॅच

आमचा दादा 2000 साली दहावीला कोल्हापूर बोर्डात आला. गुणवत्ता यादीत नाव, पेपरात फोटो, गल्लीभर पेढे. मी 2001 साली पास झालो. आईनं देवापुढे साखर ठेवली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं दुखणं इथूनच सुरू होतं.

दादा हल्ली फ्रान्सला असतो. यंदा मे महिन्यात सांगलीला आला तो चार बाटल्या घेऊन. परदेशातून येताना माणशी दोन लिटरपर्यंतच सूट मिळते, म्हणून दोन त्याच्या नावावर, दोन वहिनीच्या. चारही रेड वाइन, चारही फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या आणि चारही 2001 च्या पिकाच्या. "रविवारी ब्लाइंड टेस्टिंग करू," म्हणाला. मला वाटलं, डोळ्यांवर पट्टी बांधत असतील. तसं नसतं. झाकतात ती बाटली. आपण उघड्या डोळ्यांनी आंधळं व्हायचं.

पहिला प्रश्न आईचा होता. द्राक्ष आम्हाला नवीन नाही. ताजं असलं की खायचं, नाहीतर तासगावला त्याचा बेदाणा करायचा. पलूसला सरकारनं वाइन पार्क काढलं तेव्हाही आमच्या घरात त्यावर चर्चा झाली ती फक्त जागेच्या भावाची. मी आईला सांगितलं, द्राक्षासवच समज. तिनं विचारलं, "जेवणाआधी का नंतर?" परवानगी मिळाली. मात्र बोर्दोला ती शेवटपर्यंत 'बोर्ड'च म्हणत राहिली.

मग दादाचं व्याख्यान. बोर्दोजवळ गारोन आणि दोर्दोन्य अशा दोन नद्या एकत्र येतात, पुढे तिला जिरोंद म्हणतात. मी म्हटलं, हरिपूरला कृष्णा-वारणा येतात तसं. "तसंच," तो म्हणाला, "डाव्या काठावर कॅबर्ने जातीची द्राक्षं जास्त, उजव्या काठावर मेर्लो." म्हणजे सांगली आणि सांगलीवाडी, मधे आयर्विन पूल. माझी टिपणं मी याच भाषेत केली.

आता 2001 च का? दादा सांगू लागला. 2000 साल फार गाजलं. तीन शून्यांचा आकडा, वर पीकही उत्तम, भाव आभाळाला भिडले. 2001 ची हवा जरा थंड, द्राक्षं सावकाश पिकली. वाइन चांगलीच झाली होती, पण थोरल्याच्या कौतुकात धाकट्याकडे कुणी बघितलंच नाही. "खरं तर उजव्या काठाच्या कित्येक 2001 आज 2000 च्या तोडीच्या निघतात. अन्याय झाला रे त्यांच्यावर!" दादाचा आवाज भरून आला होता. आई माझ्याकडे बघत होती. मी भडंगाच्या वाडग्याकडे बघत होतो.

रविवारी सांगलीत चाळीस अंश. रेड वाइन घरच्या तापमानाला प्यायची असते, पण ते घर युरोपातलं. सोळा-अठरा अंश. म्हणून बाटल्या फ्रीजमध्ये, श्रीखंडाचा डबा बाहेर. आदल्या दिवसापासून त्या उभ्याच ठेवायच्या होत्या, गाळ तळाशी बसावा म्हणून. तरुणपणीचा तुरटपणा वर्षानुवर्षं एकमेकांत गुंफत जातो, जड होतो आणि खाली बसतो, असं त्यामागचं शास्त्र. आमच्या घराण्यात वय वाढेल तसा तो वर येतो.

पहिल्याच बाटलीचं बूच अर्धं बाहेर आलं आणि अर्धं आत पडलं. वीस-बावीस वर्षांचं बूच, भुसा झालेला. मी चहाची गाळणी पुढे केली. दादानं अशा नजरेनं बघितलं की जणू मी पंचामृतात पाव बुडवला. पाच मिनिटांनी त्यानं तीच गाळणी मागून घेतली.

बाटली हळूहळू काचेच्या जगमध्ये ओतायची, मानेखाली बॅटरी धरायची, गाळ दिसला की थांबायचं. मग वाइनला श्वास घेऊ द्यायचा. हे मात्र मला पटलं. मी हळदीच्या धंद्यातला माणूस. हरिपूरला जमिनीखाली पेवं असायची, त्यात हळद वर्षानुवर्षं रंग न सोडता राहायची. पेव उघडलं की त्यालाही तसंच मोकळं ठेवायचं. फरक एवढाच, की तिथं घाई केली तर श्वास माणसाचा जायचा.

वहिनीनं पाठमोरं होऊन बाटल्या माझ्या दुकानातल्या नमुन्याच्या पिशव्यांत घातल्या, नंबर टाकले आणि सरबताचे ग्लास भरले. पाच. दादानं एक नंबर हुंगला, डोळे मिटले. "माती... मसाले... काहीतरी पिवळं." पिशवी राजापुरी हळदीची होती. मी गप्प राहिलो.

थुंकायला भांडं हवं होतं. जाणकार गिळत नाहीत म्हणे. आजोबांची पितळी पिकदाणी निघाली. "एवढ्या लांबनं आणलंय आणि थुंकताय?" असं म्हणून आई आत गेली, आणि दाराआडून ऐकत राहिली.

रंग बघणं मला जमलं. हळकुंड मोडून आतला रंग बघतो तसाच ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरायचा. कोवळी वाइन जांभळी दिसते, वय झालं की कडेनं विटकरी होते. घोटाळा वासाचा. दादा म्हणत होता तंबाखू, चामडं, ओला पाचोळा. मला दोन नंबरला एकच वास येत होता आणि तो सांगायची लाज वाटत होती.

"बोल की."

"कंपासपेटी."

दादा ताठ बसला. "पेन्सिलीचं लाकूड! सिडार! बरोब्बर!" दहावीच्या कंपासपेटीनं मला आयुष्यात मिळवून दिलेलं हे पहिलं यश.

तीन नंबरवर मात्र आमचं वाजलं. दादा म्हणाला, "काय गूढ आहे! पावसानंतरचं रान!" मी हुंगलं आणि अंगावर काटाच आला. बोर्दोत 2005 म्हणे कोरडं, सोन्यासारखं वर्ष. आमच्याकडे त्याच वर्षी कृष्णा गोडाऊनमध्ये शिरली, हरिपूरची पेवं बुडाली. 2019 ला परत पाणी. ते ओसरल्यावर शटर उघडलं की भिजलेल्या पोत्यांचा जो वास अंगावर येतो, तो नाक मरेपर्यंत विसरत नाही.

"हा महापूर आहे," मी म्हटलं.

वहिनीनं ग्लास घेतला, हुंगला आणि शांतपणे पिकदाणीत रिकामा केला. बूच खराब. त्यात बुरशीतून एक रसायन तयार होतं, जरासं उतरलं तरी बाटली गेली. पिऊन काही होत नाही, पण ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. दादानं आपल्या कागदावरचं 'रान' खोडलं.

मग मार्क द्यायचे. शंभरपैकी. पण ज्या अमेरिकन समीक्षकामुळे ही पद्धत गाजली, त्या रॉबर्ट पार्करची पट्टी सुरूच पन्नासपासून होते. म्हणजे नुसती बाटलीत येऊन बसली तरी पन्नास! आमच्या वेळी पन्नास पडले तर मास्तर पाठीवर थाप मारायचे. मी माझ्या पट्टीनं गेलो. तीन नंबर नापास, बाकी सगळ्यांना पस्तीस.

वहिनीनं कागद गोळा केले आणि मग सांगितलं की बाटल्या चार, ग्लास पाच. दोन नंबर आणि पाच नंबर एकाच बाटलीतले.

दादानं दोनला चौऱ्याण्णव दिले होते, पाचला शहाऐंशी. शिवाय दोन उजव्या काठावर, पाच डाव्या. एकाच बाटलीला त्यानं आयर्विन पूल ओलांडायला लावला होता.

"भाऊजींनी दोन्हीला सारखेच दिलेत," वहिनी म्हणाली. "आणि खराब बाटलीही त्यांनीच ओळखली."

आई दारातून पुढे आली. "म्हणजे बोर्डात पहिला कोण आला?"

"भाऊजी."

आईनं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग दादाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तू रिचेकिंगला टाक की."