एमा स्वान लवकर विरघळत नाही, म्हणूनच ती खरी वाटते

परीकथांतली पात्रं एकत्र आणणारी 'वन्स अपॉन अ टाइम' ही अमेरिकन मालिका पाहिलेले बरेच जण म्हणतात, तिची नायिका एमा स्वान फार कोरडी आहे, पहिले दोन सीझन तर ती जवळच येऊ देत नाही. मला हे अजिबात पटत नाही. स्नो व्हाइट, दुष्ट राणी, कॅप्टन हुक, रम्पलस्टिल्टस्किन अशा त्या सगळ्या गर्दीत मला सगळ्यात जास्त आपली वाटली ती हीच.

तिच्या वाट्याला काय काय आलं ते आधी बघा. जन्मली त्याच दिवशी आईबापानं, म्हणजे स्नो व्हाइट आणि तिच्या राजकुमारानं, तिला जादूच्या कपाटात घालून दुसऱ्या जगात धाडलं, दुष्ट राणीच्या शापातून वाचावी म्हणून. पण तिला हे कोण सांगणार? तिला एवढंच ठाऊक की आपण रस्त्याच्या कडेला सापडलो. एका घरानं तीन वर्षांची होईपर्यंत सांभाळलं आणि स्वतःचं मूल झाल्यावर परत केलं. पुढं ज्याच्यावर जीव लावला, त्यानं चोरलेल्या घड्याळांपायी ती तुरुंगात गेली. तिथंच बाळंत झाली आणि बाळ दत्तक दिलं. २०११ साली आलेल्या पहिल्या भागात तिचा २८वा वाढदिवस आहे. घरात एकटी. एक छोटा कपकेक, त्यावर एकच मेणबत्ती. फुंकर मारते आणि दारावरची बेल वाजते. दारात दहा वर्षांचा हेन्री, तिनं दिलेलं तेच बाळ.

एखाद्या मालिकेनं इथंच गळाभेट घालून दिली असती. इथं एमा त्याला गाडीत घालून त्याच्या गावी परत सोडायला निघते. ती बाई समोरचा खोटं बोलला की लगेच ओळखते, आणि ही काही जादू नाही. ज्यांना लहानपणापासून लोकांनी फसवलं, त्यांची नजर अशीच तयार होते.

पहिल्या सीझनच्या शेवटी शाप तुटतो तो तिनं हेन्रीच्या कपाळावर टेकवलेल्या ओठांनी. राजकुमार नाही, लग्न नाही. एका आईची माया. पण खरी गोष्ट त्यानंतर आहे. शाप तुटतो, आईबाप सापडतात, तेही शापात वय थांबल्यामुळं तिच्याच वयाचे, आणि एमा त्यांच्यापासून चार हात लांबच राहते. तुम्ही चांगल्यासाठी केलं, पण मी आयुष्यभर एकटीच होते ना, असं ती तोंडावर सांगते. मला हे फार पटलं. कारण कळलं म्हणून दुखणं थांबत नाही.

तिसऱ्या सीझनमधला नकाशाचा प्रसंग तर मी परत परत पाहिला आहे. हेन्रीला पीटर पॅननं त्याच्या नेव्हरलँड बेटावर अडकवून ठेवलंय. पॅन एमाला एक कोरा नकाशा देतो आणि सांगतो, तू खरी कोण आहेस हे नाकारणं सोडशील तेव्हाच हा दिसेल. ती नाव सांगते, काम सांगते, हेन्रीची आई आहे म्हणते. कागद कोराचा कोरा. शेवटी तिच्या तोंडून निघतं की ती अजूनही स्वतःला अनाथच समजते. तेव्हा नकाशा उमटतो. आणि हे ती बोलते कोणासमोर, तर सख्ख्या आईसमोर! त्या आईला किती लागलं असेल. पण ती 'आम्ही एवढं केलं आणि तू असं बोलतेस' असं म्हणत नाही. लेकीला अजून अनाथ वाटतं ना, मग ते बदलायचं काम आपलं, असं ती धरते. एमा बदलली याचं निम्मं श्रेय मी या माउलीला देते.

मला हे एवढं का भिडतं, तर आमच्या गावात अशा बाया मी रोज पाहते. शेजारच्या काकूंचे यजमान कर्जापायी गेले. मग चौकशीवाले आले, पुढारी आले, कॅमेरे आले. त्याच त्या प्रश्नांची उत्तरं काकूंनी किती जणांना दिली असतील! शेवटी कागदावर 'अपात्र' लिहून आलं, सरकारची एक लाखाची मदतही मिळाली नाही. आता त्या विचारलं तेवढंच बोलतात. कापूस मोजताना काट्यावरून नजर हटवत नाहीत, आकडा स्वतः वाचतात, स्वतः वहीत लिहितात. लोक म्हणतात, बाई लय कडक झाली. मागच्या हंगामात मी त्यांच्या ओसरीवर कवडी कापूस वेगळा काढायला बसले होते. हात चालू, मान खाली, आणि मधेच म्हणाल्या, "तेरवी झाल्यावर कोनी फिरकलंच नाई वं इकडं." मी काहीच बोलले नाही, नुसती कापूस निवडत राहिले. थोड्या वेळानं त्यांनीच चहा ठेवला.

म्हणून 'हुकच्या प्रेमानं एमा बदलली' असं कोणी लिहिलं की मला राग येतो. हुकचं पात्र मला आवडतं, तो थांबतो, घाई करत नाही. पण एमा त्याच्याआधीपासून बदलत होती. हेन्रीनं तिच्यावर विश्वास टाकला, मेरी मार्गारेटनं (शापाच्या गावातलं स्नो व्हाइटचं हे नाव) घरात जागा दिली, आणि जिच्याशी उभा दावा होता त्या रेजिनाशीसुद्धा, म्हणजे हेन्रीला दत्तक घेतलेल्या दुष्ट राणीशी, एका लेकराच्या दोन आया म्हणून तिनं जमवून घेतलं. तिसऱ्या सीझनच्या शेवटी ती भूतकाळात जाते, तिथं स्वतःची आई तिला ओळखत नाही आणि ते तिला सहन होत नाही. त्याआधी हेन्रीला घेऊन न्यूयॉर्कला परत जायचं चाललं होतं तिचं. तो बेत ती स्वतः मोडते.

पुढं मालिका भरकटली, हे मी मान्य करते. चौथ्या सीझनच्या शेवटी ती रेजिनाला वाचवायला सगळा अंधार अंगावर घेते, ती कल्पना जबरदस्त होती, पण शाप आणि विसरलेल्या आठवणी इतक्यांदा आल्या की जीव कंटाळला. तरी पाचव्या सीझनमध्ये तिच्या लाल लेदर जॅकेटची कहाणी आहे. ते जॅकेट म्हणजे तिचं चिलखत. मन मोकळं झाल्यावरही ती ते फेकून देत नाही, आणि मालिकाही तिला फेकायला लावत नाही.

आपल्याकडच्या मालिका लिहिणाऱ्यांना माझं एवढंच मागणं आहे. तुमची फटकळ नायिका एका मंगळसूत्रात मऊ करू नका. तिला वेळ द्या. तिच्या आजूबाजूची माणसं आधी टिकून दाखवा, आणि ती बदलल्यावरही तिची जीभ तेवढीच धारदार राहू द्या. आमच्या बचत गटातल्या बाया अशी मालिका रोज पाहतील, हे मी लिहून देते.