तीन दगडांची चूल आणि आयसीएफची ट्रॉली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

'काका' म्हणतोय, कारण तुम्हीच लिहिलंय की एकतीस वर्षं रेल्वेच्या कॅरेज-वॅगन खात्यात, म्हणजे डब्यांच्या देखभालीत, काढली आणि त्यातली निम्मी डॅशपॉटमध्ये (स्प्रिंगचा झोका शमवणाऱ्या तेलाच्या नळकांड्यात) तेल भरण्यात गेली. उत्तराला दहा दिवस लागले. तुमची प्रतिक्रिया झोंबली हे एक कारण, आणि तिच्यातला एक मुद्दा तपासायला एक डबा पुन्हा उघडावा लागला हे दुसरं.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मॉडेल रेल्वेतल्या एचओ मापाच्या, म्हणजे १:८७ च्या प्रवासी डब्यांना स्प्रिंगा लावायच्या भानगडीत पडू नका, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. एक ट्रॉली दोन्ही कडांवर टेकवा, दुसरी मधल्या एका बिंदूवर मोकळी सोडा, झालं काम. त्यावर काकांचे तीन आक्षेप आहेत. स्प्रिंग नसलेला डबा म्हणजे जत्रेतलं खेळणं. एक ट्रॉली आवळायची आणि दुसरी डोलत ठेवायची हे कुठल्या कारखान्यात शिकवतात? आणि लेखकाने आयुष्यात स्प्रिंग हातात घेतलेली दिसत नाही.

(मी लेखभर 'बोगी' म्हणालो त्याबद्दलही कान पकडलेत. आपल्याकडे लोक अख्ख्या डब्याला बोगी म्हणतात, खालच्या चाकगाड्याला ट्रॉली म्हणणारे तुम्ही कारखान्यातले. आजपासून ट्रॉली.)

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तो सगळ्यात चुकीचा आहे. स्प्रिंग हातात घेतली, आणि चांगला तोंडावर आपटलो. माझ्या पहिल्या आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीच्या) डब्याला मी बॉलपेनमधल्या स्प्रिंगा लावल्या होत्या. अख्खी स्प्रिंग एक्सलबॉक्सवर (चाकांच्या आसाचं टोक बसतं त्या डबीवर) मावेना, म्हणून कटरने तीन-तीन वेटोळ्यांचे तुकडे केले. लहान तुकडा म्हणजे नरम स्प्रिंग, असा माझा हिशेब. होतं बरोबर उलटं. वेटोळी कमी झाली की स्प्रिंग त्याच प्रमाणात ताठ होते. वीस वेटोळ्यांच्या स्प्रिंगचा तीन वेटोळ्यांचा तुकडा जवळजवळ सातपट ताठ. डबा रुळावर ठेवला, स्प्रिंगा दिसायला झकास, दबली एकही नाही. म्हणजे ती ठार ताठ ट्रॉलीच होती, फक्त दागिने घातलेली. पावसाळ्यात माझ्या दोन प्लायवुडच्या फळ्यांमधला सांधा फुगला आणि हा डबा दर फेरीला त्याच जागी, त्याच चाकाने उतरायला लागला.

तेव्हा कळलं की स्प्रिंग निवडताना खऱ्या डब्याचा फोटो बघून उपयोग नाही. उभ्या डब्याच्या वजनाने ती किती दबते, ते बघायचं.

हिशेब तुम्हाला अवघड नाही. आयसीएफचा डबा २१,३३७ मिलिमीटर, भागिले ८७ म्हणजे २४५ मिलिमीटर. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा वजनाचा ठोकताळा एचओसाठी असा आहे: आधी एक औंस आणि मग लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. आपल्या डब्याला ते सुमारे १६५ ग्रॅम येतं. चाकं आठ. एका चाकावर वीस ग्रॅम आणि वर किंचित. या वजनाने स्प्रिंग निदान अर्धा मिलिमीटर दबली पाहिजे, तरच चाकाला खड्ड्यात उतरायला तेवढी जागा मिळते. घरी तपासायला सोपा उपाय म्हणजे दहा रुपयांची नाणी. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. स्प्रिंगवर तीन नाणी ठेवा. हलली नाही तर ती शोभेची.

अर्धा मिलिमीटरच का? तर फ्लँजमुळे, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या त्याच्या आतल्या कडेमुळे. हल्लीच्या बऱ्याच एचओ चाकांची फ्लँज आरपी-२५ नावाच्या प्रमाणित घाटाची असते आणि कोड ११० च्या (०.११० इंच रुंद) चाकाला ती जेमतेम ०.६४ मिलिमीटर खोल असते. ताठ ट्रॉलीचं एक चाक अर्धा मिलिमीटर अधांतरी गेलं की रुळाला धरून राहायला काय उरलं? कागदाच्या जाडीएवढं. युरोपातल्या जुन्या गाड्यांच्या फ्लँजा याच्या दुप्पट खोल असत, म्हणून त्या कशाही रुळावर धावायच्या. ती सस्पेन्शनची करामत नव्हती.

आता पहिला आक्षेप, खेळण्याचा. तुम्ही लिहिता की खरा डबा झुलतो, तो झोका मॉडेलमध्ये यायला हवा. मलाही हवाच होता. पण इथे निसर्ग आडवा येतो. आपण डबा ८७ पट लहान करतो, गुरुत्वाकर्षण काही लहान होत नाही. सेकंदाला एक, असा संथ झोका बसायला स्प्रिंग डब्याच्या वजनाने साधारण २५ सेंटिमीटर दबलेली असावी लागते. हे २५ सेंटिमीटर ८७ ने भागले तर तीन मिलिमीटरसुद्धा उरत नाहीत, आणि तेवढ्या दबणाऱ्या स्प्रिंगवर डबा सेकंदाला नऊपेक्षा जास्त वेळा हलतो. त्याला झुलणं म्हणत नाहीत, हुडहुडी म्हणतात. डेक्कन क्वीनचा तो डौल (२०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे नव्या जर्मन घडणीच्या डब्यांचा, रेक येण्याआधीचा म्हणतोय मी) स्प्रिंग लावून एचओत येणार नाही, हे मला फार उशिरा उमगलं.

त्यात आपल्या ब्रॉडगेजची आणखी एक गंमत. दोन रुळांमधल्या १६७६ मिलिमीटरला ८७ ने भागलं तर १९.२६ येतात. बाजारात रूळ मिळतो १६.५ चा, आणि आपण सगळे त्याच्यावरच भागवतो. पण डब्याची रुंदी मात्र मापात, ३७ मिलिमीटरच्या वर. खऱ्या डब्याची रुंदी गेजच्या दुपटीहून थोडी कमी, आपल्या मॉडेलची सव्वादोन पट. अशा अरुंद पायावर उभ्या डब्याला वरच्या टप्प्यात, म्हणजे ट्रॉली आणि डबा यांच्यामधे, नरम स्प्रिंगा दिल्या की वळणावर तो असा कलतो, की बाजूच्या रुळावरच्या गाडीला खांदा मारेल.

आणि मुळात स्प्रिंग खऱ्या डब्याला इतकी का लागते? एक कारण म्हणजे भार बदलतो. सकाळी साडेआठची लोकल डोंबिवलीला येते तेव्हा आणि रात्री कारशेडला परतते तेव्हा तिच्यावरच्या भारात किती फरक असतो ते तुम्हाला मी काय सांगणार. म्हणून तर नव्या लोकलना हवेच्या स्प्रिंगा आल्या, फलाट आणि डब्याची फरशी एका पातळीत राहावी म्हणून. माझ्या डब्यातले प्रवासी फेविक्विकने चिकटवलेले आहेत. त्यातलं कोणी कल्याणला उतरत नाही. बागेतल्या पाच इंची गेजच्या गाडीचा विषय असता, जिच्यावर रिकामं असताना कोणी नाही आणि भरल्यावर चार मोठी माणसं बसतात, तर मी तुमच्याआधी स्प्रिंग म्हणालो असतो.

दुसऱ्या आक्षेपावर मात्र मला थोडं भांडायचंय. आयसीएफच्या ट्रॉलीत डब्याचं वजन मधल्या पिव्होटवर (ट्रॉली जिच्याभोवती वळते त्या खुंटीवर) येत नाही, दोन साइड बेअररवर, म्हणजे बाजूच्या टेकूंवर येतं, एकमेकांपासून १६०० मिलिमीटरवर. दोन्ही ट्रॉल्यांना तसंच. म्हणून मॉडेललाही दोन्हीकडे तसंच करा, असं तुमचं म्हणणं. पण तिथे त्या बेअररच्या खाली बोल्स्टरच्या (ट्रॉलीतल्या आडव्या तुळईच्या) स्प्रिंगा आहेत, आणि त्यांच्या खाली एक्सलबॉक्सवरच्या. रूळ पिळला की त्या सगळ्या मिळून तो पीळ गिळतात. खालचं लवचीक सामान काढून टाकून वरचे चार टेकू तेवढे ठेवले तर आपल्याकडे उरतं चार पायांचं स्टूल, आणि शहाबादी फरशीवर चार पायांचं स्टूल डुगडुगतं. तिवई डुगडुगत नाही. माझी आजी तीन दगडांची चूल मांडायची ती अंगण सपाट होतं म्हणून नाही. एक ट्रॉली दोन कडांवर, दुसरी मधल्या एका गोळीवर. डबा तीन दगडांवर बसला. कारखान्यात हे शिकवत नसतील, कारण कारखान्याला याची गरजच नाही.

आता माझी चूक. तुम्ही शेवटी लिहिलंय, 'डबा तिवईवर बसवलात, ट्रॉलीचं काय? तिची चार चाकं तर चारच राहिली.' हे वाचून मी डबा उघडला. कपाटाचा आरसा काढून आडवा ठेवला, डबा त्यावर उभा केला आणि एका चाकाखाली झेरॉक्सच्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून सरकवत गेलो. एक कागद म्हणजे साधारण मिलिमीटरचा दहावा भाग. दुसऱ्या पट्टीपर्यंत ट्रॉलीने प्लॅस्टिकच्या ढिलाईवर निभावलं. तिसऱ्या पट्टीला त्याच ट्रॉलीच्या दुसऱ्या चाकाखालून कागद अल्लाद निघून आला. म्हणजे तुमचं बरोबर. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूच्या चौकटी बोल्स्टरवर वेगवेगळ्या वर-खाली हलायला मोकळ्या हव्यात, हे माझ्या लेखात अर्ध्या वाक्यात होतं. ते सगळ्यात आधी यायला हवं होतं. त्या चौकटींमधली आडवी पट्टी कापून मधे पिन घातली, आणि मग पाच पट्ट्यांपर्यंत चारही चाकं आरशाला चिकटून राहिली. मूळ लेखात दुरुस्ती टाकली आहे.

'एचओत स्प्रिंग निरर्थक' हे माझं वाक्यही मागे घेतो. इंग्लंडातले जे लोक चार मिलिमीटर मापात (खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर) १८.८३ चा नेमका गेज आणि जवळपास खऱ्या प्रमाणातल्या फ्लँजा वापरतात, त्यांच्यातले बरेच जण डब्यांना बारीक पोलादी तारेच्या स्प्रिंगा लावतात, आणि त्या खरोखर चालतात. आपल्याकडे अशी तार गिटारच्या दुकानात मिळते. फक्त जाडी जपून घ्यायची. ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे पाव मिलिमीटरच्या तारेऐवजी ०.३० ची घेतली की दुप्पट ताठ. दोन टेकूंमधलं अंतर दहा टक्के कमी झालं तरी ताठपणा एक-तृतीयांशाहून जास्त वाढतो. ज्याचा हात इतका नेमका आहे आणि ज्याच्याकडे आठ चाकांसाठी आठ वेळा हे करायची चिकाटी आहे, त्याने जरूर करावं. आवाजातही फरक पडतो, तो मी मान्य करतो. माझे डबे प्लायवुडवर खडखडतात, तारेवरचे तेवढे नाही.

तुम्ही लिहिलंय की तुमचे स्प्रिंगवाले चार डबे आठ महिने एकदाही उतरले नाहीत. विश्वास आहे. पण दोन गोष्टी कळवाल का? एका डब्याचं वजन किती भरतं (किराणा दुकानातला काटा चालेल), आणि एका चाकाखाली किती कागद सरकवल्यावर शेजारचं चाक सुटतं? कागद ८० जीएसएमचा घ्या, म्हणजे आपले आकडे जुळतील.

आणि डॅशपॉटचं एक राहिलंच. छोट्या स्प्रिंगची थरथर मारायला मी एक्सलबॉक्सच्या खाचेत ग्रीसचा ठिपका देऊन पाहिला, आठवड्यात धूळ बसून सगळं जाम झालं. तुमच्याकडे काही तोड असेल तर खाली लिहा, लेखात तुमच्या श्रेयासकट घालतो.

सादर,
ब्लॉगवाला