‘गळती’ म्हणू नका

परवा परत तेच कानावर आलं. ‘आठवीनंतर मुलींची गळती फार.’ गळती! पत्रा गळतो, नळ गळतो. पोरगी कशी गळेल? हा शब्द ऐकला की डोकं फिरतं माझं. जणू कुणी काही केलंच नाही, आपोआप झालं सगळं.

वाडीवरची शाळा चौथी-पाचवीला संपते, फार तर आठवीला. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पाचवीपर्यंतची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत, असं नियमांत आहे. पण हक्क ६ ते १४ वयाचाच! पोरीला पाळी सुरू झालेली असते, घरात लग्नाची कुजबुज चालू होते, आणि नेमका त्याच वर्षी कायदा हात काढून घेतो. नववी-दहावी काय चैन आहे?

पुढचं हायस्कूल पार लांब. ‘अहो, पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे,’ हे मला दर वेळी ऐकवतात. आहे ना! पण ज्या वाडीपर्यंत गाडीच जात नाही, तिथल्या पोरीने तो पास वहीत जपून ठेवायचा का? थंडीत सहाला अंधार पडतो. रस्त्याला दिवा नाही. बाप म्हणतो, राहू दे आता शाळा. लगेच सगळे त्याला अडाणी ठरवून मोकळे. त्याच घरात पोराला सायकल मिळते, याचाही मला संताप येतो, बापाला मी सोडत नाही. पण दिवा लावणं त्याच्या हातात होतं का?

१९९२ साली राज्याने गरीब दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता सुरू केला. दिवसाला १ रुपया. वर्षानुवर्षं तो रुपया रुपयाच राहिला. पोरगी घरी राहिली तर धाकटं भावंड सांभाळते, आई मजुरीला जाऊ शकते. त्या मजुरीपुढे हा रुपया?

२०२४ मध्ये ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. उत्तम निर्णय, मनापासून म्हणते. पण तिथवर जायला आधी दहावी व्हावी लागते हो!

पुढच्या वेळी गळतीचा आकडा वाचून दाखवाल, तेव्हा शेजारी आणखी दोन रकाने काढा. हायस्कूल किती किलोमीटरवर, आणि शेवटची गाडी किती वाजता.