सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते हे पटलं नाही

लेखात म्हटलंय डोक्याला मार लागल्यावर जी काय सुधारणा व्हायची ती सहा महिन्यांत होते, पण तसं नसतं, सुरुवातीला वेग जास्त असतो एवढंच, पुढे कित्येक वर्षं फरक पडत राहू शकतो. माझ्या दिराचा कात्रजला बाईकवर अ‍ॅक्सिडेंट झाला, आता चालतो-बोलतो म्हणून नातेवाइकांना वाटतं बरा झाला, पण चहाचं आधण ठेवलं की पुढे काय तेच सुचत नाही, मग चिडतो आणि लोक आळशी म्हणतात. अहो फ्रंटल लोबला, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली की कामाला सुरुवात करणं, क्रम लावणं हेच अवघड होतं! ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, ओट्यावर एकेक पायरी लिहून चिकटवायला लावली, त्याचा खरंच उपयोग झाला. डिस्चार्जच्या वेळी फक्त फिजिओचं सांगतात. आणि माझी जाऊ नोकरी सांभाळून हे सगळं करते, अशा माणसांबद्दल लेखात एक ओळ तरी हवी होती.