साडेपाच हजारांचं कलिंगड

परत आल्यापासून ज्याने ज्याने मला "काय बुवा, मालदीव फुकटात" असं म्हटलंय त्या प्रत्येकाला मी बिल दाखवणार आहे. पहिल्यांदा मेहुण्याला, कारण क्रेडिट कार्डाच्या ज्या पॉइंट्सवर आम्ही गेलो त्यांत त्याचा डबल डोअर फ्रीज आहे.

म्हणजे कसं, आमच्या खानदानात कोणीही काही मोठं घेतलं की कार्ड माझं. मेहुण्याचा फ्रीज, सासऱ्यांची कानाची मशीन, शेजारच्या पोराची क्लासची फी. "मी स्वाइप करतो, तू मला जीपे कर." ग्रुपमध्ये जेवायला गेलो की बिलाचं फोल्डर टेबलाला टेकायच्या आत माझा हात तिथे, लोकांना वाटायचं काय दिलदार माणूस आहे, मग रात्री ज्याच्या त्याच्या वाट्याचा मेसेज गेला की मत बदलायचं. असे पॉइंट साठवले, बँकेतून हॉटेलच्या प्रोग्रामात वळवले, आणि दिवाळीच्या सुट्टीत एका रिसॉर्टचा बीच व्हिला मिळाला. पाण्यावरचा नाही, त्याला पॉइंट जवळजवळ दुप्पट. झाली प्रस्तावना.

पॉइंट्समध्ये खोली येते. खोलीपर्यंत पोचणं येत नाही. मालदीवमध्ये एक बेट एक रिसॉर्ट असा कारभार आहे, कुरुंबा नावाचं पहिलं रिसॉर्ट १९७२ ला सुरू झालं तेव्हापासून, त्यामुळे विमानतळावर उतरून रिक्षा करू म्हटलं तर चारी बाजूंनी समुद्र. आमच्या बेटाला सीप्लेनच. माणशी सहाशे डॉलर जाऊन-येऊन, रोख. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हाफ तिकीट. आमची लेक तेरा वर्षांची आहे. ही तेराची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार छळणार आहे.

सीप्लेनच्या लाउंजमध्ये आम्ही बसलेलो, एसी गार, कॉफी फुकट, मी तिसऱ्यांदा मफिन आणायला उठणार तेवढ्यात शेजारच्या सोफ्यावरून प्रश्न आला.

"कॅश का पॉइंट्स?"

बघितलं तर पार्ल्याच्या एक काकू. पार्ल्याच्या हे नंतर कळलं पण बघताक्षणी कळलंच होतं. फुलाफुलांचा कुर्ता, पायात दणकट स्पोर्ट्स शूज, कमरेला पाउच, मांडीवर प्लास्टिकची फाइल आणि फाइलमध्ये ईमेलच्या प्रिंटा. शेजारी काका. काकांचं काम एकच, फोनवर ओटीपी आला की मोठ्याने वाचायचा.

"पॉइंट्स," मी आवाज खाली आणून म्हटलं.

"अहो मग लाजता काय! आम्ही पण पॉइंट्सच. हे रिटायर झाल्यापासून मी हॉटेलला एक पैसा दिलेला नाही. मेंबरशिपची टिअर, म्हणजे पायरी, कुठली तुमची?"

"गोल्ड."

"अगं बाई," काकू बायकोकडे वळून म्हणाल्या, आणि भाच्याला दहावीत बेचाळीस टक्के पडल्याचं कळल्यावर मावशी जशी आईकडे बघते तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं. "गोल्डला काय मिळतं गं, दोघांचा ब्रेकफास्ट आणि लेट चेकआउटची विनंती. विनंती! पाच रात्री तरी घेतल्यात का? चार रात्रींचे पॉइंट भरले की पाचवी फुकट."

"तेवढे पॉइंट नव्हते हो."

"सासूबाईंच्या नावाने कार्ड नाही काढलंत?"

यावर काय बोलणार. मी म्हटलं आमच्या सासूबाई अजून चेकबुक वापरतात, तर काकू म्हणाल्या अरे मग तर त्यांचा सिबिल स्कोअर एक नंबर असणार. अहोवरून अरेवर यायला त्यांना सात मिनिटं लागली. मग एकेक उलगडत गेलं. काकांच्या नावाची कार्डं, मुलाची, सुनेची. सून मूळची इंदूरची, तिच्या माहेरचं सोनं कोणाच्या कार्डावर घ्यायचं यावरून साखरपुड्यात थोडं ताणलं होतं. संध्याकाळचं फ्लाइट कधीच घ्यायचं नाही, कारण सीप्लेन फक्त उजेडात उडतं, पायलट डोळ्याने बघून पाण्यावर उतरवतो, म्हणजे उशिरा पोचलं की त्या रात्रीचे पॉइंट बेटावर जळतात आणि आपण राजधानी मालेच्या बाजूला दुसऱ्या हॉटेलात पैसे देऊन झोपतो. सामानाला वीस किलो आणि हातातलं पाच, वर प्रत्येक किलोला पैसे. "पण वजन बॅगचं करतात, माणसाचं नाही," असं म्हणून काकूंनी काकांच्या कार्गो पँटच्या खिशावर चापट मारली. आतून करकर आवाज आला. शंकरपाळे. दुसऱ्या खिशात चिवडा, गुडघ्याशी चकली. काका त्या लाउंजमध्ये बसत का नव्हते ते मला तेव्हा कळलं.

सीप्लेन म्हणजे ते ट्विन ऑटर, पंधराएक सीटचं, कान बधिर करणारं, पायलट चक्क अनवाणी. खाली बेटं दिसतात ती अप्रतिमच, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. निसर्गाबद्दल माझी तक्रार कधीच नसते.

पोचल्यावर धक्क्यावर बोडुबेरू, म्हणजे तिकडचे ढोल, वाजवत चारजण उभे, हातात गार टॉवेल, आणि एक मॅडम टॅबलेट घेऊन. त्यांनी सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "सर, यू आर ऑन पॉइंट्स, करेक्ट?" ढोल नेमका त्याच क्षणी थांबला. शेजारी एक जर्मन जोडपं होतं, त्यांनी सौजन्याने समुद्राकडे बघितलं. मला सांगा, हे विचारायची गरज होती का? टॅबलेटवर लिहिलेलंच असतं की. आपल्याकडे लग्नात पाकीट किती रुपयांचं ते दारात वाचून नाही दाखवत.

त्यात वेळेचा घोळ. मालदीव भारताच्या अर्धा तास मागे. पण बऱ्याच रिसॉर्टचं आपलं वेगळं घड्याळ असतं, मालेच्या एक तास पुढे, का तर पाहुण्यांना संध्याकाळी जास्त उजेड मिळावा. म्हणजे आम्ही भारताच्या अर्धा तास पुढे. फोन एक वेळ दाखवतोय, खोलीतलं घड्याळ दुसरी, आणि बायकोचं मनगटी घड्याळ अजून डोंबिवलीत. ब्रेकफास्ट साडेदहाला बंद होतो म्हणजे कोणाच्या साडेदहाला, यात पहिली सकाळ गेली, आणि आम्ही धावत पोचलो तर दारातल्या होस्टने अत्यंत गोड हसून लेकीला विचारलं, "अँड हाउ ओल्ड आर यू, मिस?"

कोणत्याही तेरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न विचारा. ती ताठ उभी राहिली, केस मागे टाकले आणि म्हणाली, "थर्टीन अँड अ हाफ."

"अगंऽ!" असा आवाज आतून आला. काकू. हातात टिश्यूत गुंडाळलेले दोन क्रोसाँ, तशाच उठून आल्या. तोवर होस्ट मला समजावत होता की गोल्डला दोन अडल्टचा ब्रेकफास्ट कॉम्प्लिमेंटरी आहे, बारा वर्षांपर्यंतची मुलं फ्री आहेत, आणि मिस आता थर्ड अडल्ट असल्यामुळे ४८ डॉलर प्लस प्लस.

"शी इज विथ मी," काकू म्हणाल्या.

होस्टने टॅबलेट बघितला. "मॅडम, शी इज इन अनदर व्हिला."

"सो? ग्रँडडॉटर कॅन स्लीप एनीव्हेअर. माय टिअर, ऑल गेस्ट ब्रेकफास्ट फ्री. प्रिंट आहे माझ्याकडे. अहो, फाइल आणा!"

काका फाइल आणायला उठले. चालताना करकरले. होस्ट बिचारा मालदीवचाच विशीतला पोरगा, त्याने लेकीकडे बघून विचारलं, "इज शी युअर ग्रँडमदर?" लेकीने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, ऑम्लेट काउंटरकडे बघितलं आणि म्हणाली, "लाइक, कल्चरली."

मी मनात म्हटलं शाळेची फी वसूल. पण नाही. तेवढ्यात काका फाइल घेऊन आले आणि गोंधळात त्यांना वाटलं बहुतेक व्हेरिफिकेशन चाललंय, तर त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून सगळ्या रेस्टॉरंटला ऐकू जाईल असा सहा आकडी ओटीपी वाचून दाखवला. कसला होता ते अजून माहीत नाही. मॅनेजर आले. मॅनेजर कोचीचे, फार सभ्य, त्यांनी काकूंची सगळी प्रिंट वाचली आणि म्हणाले की ऑल गेस्ट म्हणजे ऑल रजिस्टर्ड गेस्ट. काकू म्हणाल्या मग करा रजिस्टर. मॅनेजर म्हणाले करतो की, पण मग तिसऱ्या अडल्टचा रोजचा एक्स्ट्रा पर्सन चार्ज तुमच्या व्हिलाला लागेल. काकूंनी क्षणभर लेकीकडे बघितलं. "तशी काही सख्खी नाही," म्हणाल्या आणि आपल्या क्रोसाँकडे परत गेल्या.

लेकीने खाल्लं काय? कलिंगडाच्या तीन फोडी आणि अर्धा टोस्ट. मी तिला म्हणत होतो अगं मास हुनी तरी घे, ट्यूना, ओलं नारळ, कांदा, मिरची, इथला खरा नाश्ता आहे, रोशीबरोबर, म्हणजे इथल्या पोळीबरोबर, छान लागतं. नको म्हणाली, सकाळी भूक नसते. दुसरीकडे एक राखी बगळा डायनिंग डेकवर येऊन लोकांच्या टेबलाजवळ ध्यान लावून उभा, कोणीतरी त्याला सॉसेज टाकलं, ते त्याने गिळलं. त्याचं वय कोणी विचारलं नाही.

प्लस प्लस म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ४८ वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज, आणि त्या बेरजेवर १७ टक्के टुरिझम जीएसटी, जो जुलै २०२५ मध्ये सोळाचा सतरा झाला. म्हणजे ६१ डॉलर ७८ सेंट. साडेपाच हजार रुपयांच्या आतबाहेर. शिवाय ग्रीन टॅक्स रिसॉर्टमध्ये डोई रात्री १२ डॉलर, २०२५ च्या जानेवारीपासून सहाचा बारा झालेला, तो पॉइंट्सवाल्यांनाही सुटत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना माफ आहे. आमचं बाळ तेराचं.

आता इथवर मी सगळं हसत सोसलं असतं. नियम आहे, ठीक आहे. पण दुपारी धो धो पाऊस लागला म्हणून लेकीला किड्स क्लबमध्ये नेलं तर तिथली ताई म्हणाली सॉरी, फक्त चार ते बारा, ही मोठी आहे. बरं. म्हणून आम्ही त्या शांत पूलवर गेलो, तर पाटी, फक्त अडल्ट, सोळाच्या पुढे, ही लहान आहे. जिममध्ये गेलो, एकटी येऊ शकत नाही, लहान आहे. म्हणजे माझी पोरगी त्या बेटावर फक्त दोन ठिकाणी सज्ञान होती, सीप्लेनच्या काउंटरवर आणि कलिंगडापाशी. जिथे पैसे घ्यायचे तिथे मोठी, जिथे काही द्यायचं तिथे लहान. पावसात व्हिलाच्या व्हरांड्यात बसून ती फोन बघत बसली, शंखातले खेकडे तिच्या चपलेवरून येजा करत होते, आणि मी आतून खरंच वैतागलो होतो, विनोद बिनोद बाजूला ठेवून सांगतो.

आणि पॉइंट पॉइंट तरी काय, फुकट म्हणजे कोणाचं फुकट? खर्च केल्याशिवाय कोणी पॉइंट दिलाय का? बरं, ते पॉइंट आपले पण नसतात. नियमावली वाचा, त्यात लिहिलेलं असतं की पॉइंट ही तुमची मालमत्ता नाही, त्यांना रोख किंमत नाही, आणि किती पॉइंटला खोली द्यायची ते कंपनी कधीही बदलू शकते. लोक वर्षभर साठवतात, एका सकाळी उठतात तर तीच खोली दीडपट पॉइंटला. रुपयाचं असं झालं तर निदान पेपरात येतं.

चेकआउटला मी एकच केलं. मुकाट्याने बिल भरलं, आणि त्यावर पॉइंट मिळतात का विचारलं. मिळतात म्हणाले, ब्रेकफास्टच्या ४८ वर डॉलरला दहा. घरी येऊन बघतो तर खात्यात आलेच नाहीत. काकूंना व्हॉट्सॲप केला (हो, नंबर दिलेला, ग्रुपमध्ये पण टाकलंय), त्यांचं लगेच उत्तर, "सोडू नकोस, फोन लाव."

लावला. पलीकडच्या मुलीने पाऊण तास होल्डवर ठेवून सांगितलं की तो चार्ज माझ्या नावावर नसून थर्ड गेस्टच्या नावावर पडलाय, त्यामुळे पॉइंट त्या गेस्टच्या मेंबरशिपलाच जमा होतील. उत्तम, म्हटलं, मग तिचं अकाउंट काढा आत्ताच, अडल्ट आहे ती, तुमच्याच लोकांनी ठरवलंय.

"शुअर सर. डेट ऑफ बर्थ?"

सांगितली.

"सॉरी सर, मेंबरशिपला एटीन कम्प्लीट लागतं. शी इज अ मायनर."